नस काय बस आहे?

माझी आत्या बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायची. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट दोनवर लागलेली गाडी...’ यातल्या ‘लागलेली’चा ‘ला’ ती इतका लांबवायची की धापा टाकत आलेला माणूस तेवढ्यात चढून बसायचा. घरीही तेच. ‘जेवण टेबलावर लागले आहे. उशिरा येणाऱ्यांनी भांडी घासण्याची तयारी ठेवावी.’ मी नकला करायला शिकले ती तिचीच नक्कल करून. ती म्हणायची, “नाक कमी कर गं, गाडीला सर्दी झाल्यासारखं वाटतंय.”

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन केलं गोट्याने. गोट्या म्हणजे तिचा लहानपणचा शेजारी, आता बडा सर्जन. तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला भरल्या दवाखान्यात गोट्या.

“गोट्या, आवाज सांभाळ हं. त्यावर पोट आहे माझं.”

“ताई, मी असली ढिगाने केलीत!” त्यातला ‘मी’ छातीतून यायचा. मला तो तिथल्या तिथे जमला.

शुद्धीवर आल्यावर आत्याने पाणी मागितलं, तर नळाला पाणी येण्याआधी होतो तसा नुसता फुस्स आवाज आला. “सूज आहे, येईल आवाज,” गोट्या म्हणाला. पुढच्या खेपेला “येईल हं.” त्याच्या पुढच्या खेपेला “धीर धरा.” तोवर स्टँडवाल्यांनी माईकवर दुसरी मुलगी बसवली आणि आत्याला पार्सलच्या खोलीत धाडलं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पाहिलं. एक स्वरतंतू हलतच नव्हता. “त्याची नस ऑपरेशनमध्ये कापली गेली असणार. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

आम्ही तडक गोट्याकडे गेलो. आत्याने कुजबुजायचं आणि मी मोठ्याने बोलायचं, असं ठरलं होतं.

“नस कापलीस?”

“हे बघा मॅडम, हे कॉम्प्लिकेशन असतं. होतं कधीकधी. झालं.”

मॅडम! ताई कुठे पडली का, म्हणून टेबलाखाली वाकून बघावंसं वाटलं मला. आणि गाठ काढली तेव्हा ‘मी’, नस तुटली तेव्हा ‘झालं’.

“तुला कधी कळलं?”

“ऑपरेशन टेबलावरच... म्हणजे, शंका आली होती.”

आत्या माझ्याकडे वळलीच नाही. स्वतःच कुजबुजली, “म्हणजे ‘येईल आवाज’ म्हणत होतास, तेव्हा ठाऊक होतं.”

गोट्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

“एवढंच म्हण, ‘ताई, मी कापली, चुकलो.’ मी कोर्टाची पायरी चढणार नाही.”

“तसं नाही म्हणता येत मला. वकिलाने बजावलंय. म्हटलं की ती कबुली होते.”

“कबुलीच मागतेय, गोट्या.”

त्याने बेल वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

घरी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. तिला हसवावं म्हणून मी गोट्याचा आवाज काढला, छातीतून, हुबेहूब. “ताई, मी कापली. चुकलो.” शेजारच्या खोलीतून बाबा दचकून बाहेर आले.

“पुन्हा म्हण,” आत्या म्हणाली.

म्हटलं.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा माझाच आवाज फुटला. “बघ,” ती म्हणाली, “तुला जमतंय. लहानपणी माझ्या ताटात जेवलाय तो, त्याला नाही जमलं.”

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वकीलबाईंकडे गेली. बाईंनी तक्रारीचा मजकूर तयार करून वाचून दाखवला, “शस्त्रक्रियेच्या वेळी अर्जदाराची नस कापली गेली...”

आत्याने टेबलावर बोट आपटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा गुडघा दाबला. वकीलबाई कान देऊन पुढे वाकल्या.

“गेली काय?” आत्या फुसफुसली. “नस काय बस आहे, गेली म्हणायला? त्याने कापली. तसं लिहा.”