दिल्लीत पाहिलेली एक खोली

मी दिल्लीला जाऊन आले, पण दिल्ली पाहिली नाही. नातवंडं विचारतात, लाल किल्ला केवढा होता? मी सांगते, मला नाही माहीत. मी धर्मशाळेतली एक खोली पाहिली, आणि त्या खोलीत माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचलं. देवाचे अनुभव सांगणारे लोक आधी आपली भक्ती सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी भक्ती नव्हती. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला आम्ही शिवरात्रीला जायचो, आणि मला ओढ असायची ती जत्रेतल्या बांगड्यांची. देव आहे की नाही, हा विचार करायला वेळ कोणाला होता?

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. गोंदियाला चौथी पास बायकांसाठी सुईणीचा वर्ग निघाला, त्यात आम्ही अकरा जणी होतो. कामठ्याची कौतिका माझी जोडीदारीण. विसाव्या वर्षी विधवा झालेली, तरी वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसणारी. तिची आई तिला घराबाहेर सोडायला तयार नव्हती. "मावशी, पोरगी माझ्या जिम्म्यावर सोडा," असं म्हणून मीच तिला आणलं होतं. वर्ग संपत आला तेव्हा आमच्या बाईंनी आम्हाला दिल्लीचं बायकांचं मोठं इस्पितळ दाखवायचं ठरवलं. धान घरात आलं होतं, म्हणून घरच्यांनीही सोडलं. बाई नागपूरच्या, फार शिस्तीच्या. गाडीत आम्ही दोन दिवस त्यांनी उकळून आणलेलं पाणी मोजून प्यायलो.

दिल्लीत उतरलो त्या संध्याकाळी बाई धर्मशाळेत खोल्या ठरवायला गेल्या आणि आम्हाला एका जुन्या मकबऱ्याच्या बागेत बसवून गेल्या. तिथे दगडांनी बांधलेला चौकोनी हौद होता. आमचा मुलूख तळ्यांचा. गावोगाव बोडी असते, तिथेच आंघोळ, तिथेच गुरं, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की प्यायचं पाणीही तिथलंच. असं देखणं तळं पाहून मला वाटलं, हे पिण्यासाठीच बांधलं असणार. शोभेसाठी कोणी पाणी साठवतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'पाणी उकळून प्यावे' हे वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तरी मी लोटा बुडवला.

कौतिका म्हणाली, "काऊन वं, हिरवं दिसून राहिलं ना?"

मी म्हटलं, "दिल्लीचं पाणी हाय ते. मोठी आली पारखणारी! पी गुपचूप."

मी दोन घोट घेतले. तिने लोटा रिकामा केला.

सकाळी तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. बाईंनी डॉक्टर आणले. त्यांनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं? मी दारातच उभी होते. "गाडीतल्या पुऱ्या खाल्ल्या," मी म्हणाले. खरं सांगितलं तर वर्गातून नाव जाईल, ही भीती होती. डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि पोटाला आराम म्हणून पाणी बंद करायला सांगितलं. तेव्हा असंच सांगत. बाईंना बाकीच्यांना घेऊन इस्पितळात जायचंच होतं. मी म्हटलं, मी थांबते. "थेंबभरसुद्धा द्यायचं नाही," असं मला दोनदा बजावून त्या गेल्या. सगळ्यांना वाटलं, मैत्रिणीसाठी मी दिल्ली पाहणं सोडलं. मला माहीत होतं मी कशासाठी थांबले ते.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. "मले पाणी दे ना वं. मरून राहिली मी," एवढंच ती म्हणत होती, मग तेही म्हणेना. पाणी समोर असलं तर माझा हात राहणार नाही, म्हणून मी घडा उचलला आणि बाहेर अंगणात ओतून टाकला. परत येऊन भिंतीला टेकून बसले. कामठ्याला तिच्या आईला काय सांगायचं, हे मनात जुळवून पाहिलं. जुळेना. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर हात जोडले. "महादेवा, मले काही समजून नाही राहिलं. आता तूच पाह्य." याहून मोठी प्रार्थना मला येत नव्हती.

डोळे उघडले तर दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, अंगात पांढरी सलवार-कमीज. फाळणीत पंजाबातून घरदार सोडून आलेली माणसं धर्मशाळेच्या मागच्या खोल्यांत राहत होती, त्यांतली ती. सगळे तिला बीजी, म्हणजे आई, म्हणत, हे मला मागून कळलं. मी घडा ओतताना तिने पाहिलं होतं.

"पानी क्यों फेंका?" तिने विचारलं.

आमच्या गोंदियाच्या हिंदीत मी सगळं सांगितलं. तिने कौतिकाची कातडी ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळली. "पिया क्या था इसने?"

सकाळी डॉक्टरांना सांगता आलं नाही, ते त्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं. हौद, लोटा, पुऱ्यांचं खोटं, सगळं. ती रागावली नाही. गेली आणि थोड्या वेळाने भाताची पातळ पेज घेऊन आली, मीठ घातलेली. घरी आईने हेच दिलं असतं. तरी मी आडवी आले. "बाई का हुकुम है," मी म्हटलं.

ती वाटी हातात धरून म्हणाली, "मैंने भी हुकुम माना था, बेटी, पानी नहीं दिया. इधर आते हुए, रास्ते में. मेरी वाली चौदह की थी."

मी बाजूला झाले आणि कौतिकाचं डोकं मांडीवर घेतलं. एक चमचा, मग थांबायचं. उलटून पडलं तर पुन्हा एक चमचा. बीजीने सांगावं आणि मी करावं. दिवस कलताना कौतिकाला लघवी झाली. कोणत्याही सुईणीला विचारा, अशा दुखण्यात याहून मोठी बातमी नसते. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "मीठ जास्त झालं वं." मी तिला शिवी दिली आणि मग रडले.

बाई परत आल्या तेव्हा मी उंबऱ्यातच सगळं कबूल केलं. त्यांनी आधी कौतिकाची नाडी पाहिली. मग त्यांनी बीजीला विचारलं, "नमक कितना डाला था?" आणि ते लिहून घेतलं. वर्गातून माझं नाव त्यांनी काढलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी सुईणपण केलं, आणि कौतिका म्हातारी होऊन गेली.

देवाने बीजीला माझ्यासाठी पाठवलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग तिची पोरगी त्याने का नेली, याचं उत्तर मला द्यावं लागेल, आणि ते मला येत नाही. एवढंच माहीत आहे की मी माझं शहाणपण टाकलं, तेव्हा कोणीतरी आलं. माझं खोटं जोवर मी सांभाळत बसले होते, तोवर मदत घ्यायला हात मोकळा नव्हता. शरण जाणं म्हणजे काय, ते मला इतकंच कळलं. महादेवाचं देणं मी त्या दिवसापासून मानते, आणि बीजीचंही.

निघायच्या दिवशी मी तिच्या पाया पडायला वाकले. ती मागे सरली. "बेटियाँ पैर नहीं छूतीं," म्हणाली. त्यांच्याकडे लेकीने पायाला हात लावायचा नसतो. आमच्याकडे लावतात. त्या खोलीत तिने सांगितलेलं सगळं मी ऐकलं होतं. एवढं एक मात्र ऐकलं नाही.