होटगीच्या बाईचा जबाब

तेव्हा मी सोलापूरच्या सेशन्स कोर्टात सरकारी वकील होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. कानडी मुलखाला लागून असलेल्या होटगीकडच्या एका खुनाच्या खटल्यात सगळी भिस्त एकाच साक्षीदारावर होती. मेलेल्या माणसाच्या शेजारी राहणारी, पन्नाशीची बाई. आरोपीला कुऱ्हाड घेऊन पळताना तिनं पाहिलं, असा तिचा जबाब फौजदारांनी मराठीत लिहून घेतला होता.

साक्षीच्या सकाळी व्हरांड्यात मी तिला तो वाचून दाखवला. प्रत्येक वाक्याला ती नुसती मान हलवत होती. मला शंका आली. आमच्या घरात कन्नड बोलतात, म्हणून तेच मी कन्नडमधून सांगितलं. तिची मान थांबली.

"ना नोडिल्री, केळीनि," ती म्हणाली. पाहिलं नाही, ऐकलं.

कुणाकडून, असं विचारल्यावर तिनं मेलेल्याच्या भावाचं नाव घेतलं.

फौजदार जवळच उभे होते. त्यांना कन्नड येत नव्हतं, पण काय झालं ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. बाई घाबरलीय, मराठीतच विचारा, ती हो म्हणेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आरोपी तोच, याबद्दल त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

तेवढ्यात पुकारा झाला. दोन-तीन प्रश्न, बाईनं दोन-तीनदा हलवलेली मान, आणि काम झालं असतं. ती पिंजऱ्यात उभी राहिली. फौजदारांची नजर माझ्या पाठीवर होती.

मी उठून न्यायाधीशांना सांगितलं की साक्षीदाराला मराठी समजत नाही, दुभाषा मिळावा.

दुभाष्यासमोर ती तेच बोलली. आरोपी सुटला. निकालाच्या दिवशी मेलेल्याची बायको जिन्यापाशी मला थांबवून म्हणाली, "तुमी आमच्या बाजूचे व्हता की." फौजदारांनी पुढं बरेच महिने माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढं राज्यातल्या सरकारी वकिलांवर देखरेख करणारं पद माझ्याकडं आलं. जबाब साक्षीदाराच्याच भाषेत वाचून दाखवल्याची खात्री वकिलानं आधी करावी, असं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. यानं खटले हातचे जातील, असं एक वकील म्हणाले. जातील, मी म्हणालो. खून त्या आरोपीनंच केला होता का, हे मला आजही माहीत नाही.