आबांची भरती-ओहोटी

आमचं रान दौंडकडं, भीमेच्या काठी. उसाला पाणी पाजून पाजून त्यातला खालचा तुकडा इतका खारवला की उन्हात पीठ सांडल्यासारखा पांढरा दिसायचा. तिथं कुसळही उगवेना.

नव्वदच्या दशकात माझं लग्न झालं. बायको कोकणातल्या खाडीकाठची. तिनं तो तुकडा पाहिला आणि माझ्या वडलांना म्हणाली, "आबा, आमच्याकडे असल्याच खाऱ्या चिखलात कांदळाचं रान माजतं!"

नव्या सुनेचा पहिलाच सल्ला. बांधावर शेजारचे आप्पा होते. मिशीला पीळ देत म्हणाले, "हितं हिरवं दिसलं, तर ही मिशी काढीन!"

आबा पेटले. "सुनंचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई!"

सासुरवाडीहून कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, कोंब आले. हे झाड आपलं बी स्वतःच्या अंगावरच रुजवतं. हातभर हिरवा कोंब फांदीला लोंबतो आणि पिकला की भाल्यासारखा खालच्या चिखलात घुसतो. मी कारेगावच्या कारखान्यातून गुरुवारच्या सुट्टीला आलो होतो. हे सगळं मी बांधावरून उडी मारून, अभिनयासकट करून दाखवलं. गुडघ्यापर्यंत रुतलो. बाहेर ओढायला दोघं लागले.

"समुद्र दिवसातून दोनदा येतो नि दोनदा जातो," बायको सहज बोलून गेली.

झालं! आबा रोज दोनदा मोटर लावून नदीचं पाणी तुकड्यात कोंडायचे, मग चर फोडून ओढ्याला सोडून द्यायचे. "भरती आली रं!" म्हणून आरोळी. वीज गेली की, "समुद्राची लाइट गेली!" भरती बघायला गाव लोटायचं.

कोंबांनी दोन-दोन पानं काढली आणि बहुतेकांनी मान टाकली. पण भोवती गवत उगवलं! नदीच्या गोड्या पाण्यात मीठ विरघळत होतं आणि आबांची ओहोटी ते वाहून नेत होती. पुढं तिथं गुरांसाठी घास पेरला, तो कमरेला लागला.

"मी झाडाचं बोललो व्हतो," आप्पा कुरकुरले.

"हिरवं म्हणला व्हतास!" आबा गरजले.

बायकोनं ताटात आरसा, साबण, वस्तरा मांडला आणि आप्पांना आधी ओवाळलं. मिशी गेली.

घासात एकच कांदळ तग धरून होतं. दुसऱ्या सकाळी बघतो तर सपाट तोंडाचे आप्पा त्याच्या बुडाशी खडेमीठ घालतायत.

"आप्पा, हे काय?"

"जग रं बाबा," ते झाडालाच म्हणाले, "न्हाईतर गाव म्हणंल, आप्पाची मिशी गवतापायी गेली!"