एका खुर्चीची खोली

माझा धाकटा भाऊ पत्र्याच्या डब्यांची झाकणे पाडणाऱ्या कारखान्यात यंत्र चालवीत असे. त्याच्याविषयी लिहिताना हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्या यंत्रातूनच निघाले. ते यंत्र वर जाई आणि खाली आपटे. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागे. भावाची उमेदीची सगळी वर्षे त्या गोंगाटात गेली.

त्यामुळे घरी आल्यावर त्याला टाचणी पडलेली चालत नसे. माझी भावजय धुतलेली ताटे फडक्यावर पालथी घालायची, तीही एकेक करून. त्यांची एकुलती एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. ती अजूनही तशीच हसते. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, आणि माझा आवाज जन्मापासून मोठा. मी वर गेले की भाऊ म्हणायचा, "ताई, तू आलीस की कामावर गेल्यासारखं वाटतं." आम्ही हसायचो. विनोद होता, पण मी बोलणे आवरते घ्यायची.

तरीही त्याला आवाजाचा तिटकारा होता, असे कोणी समजू नये. त्याला चांगला आवाज हवा होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मुकादम लहानसा रेडिओ लावत असे. त्यावर भावाने एकदा बासरी ऐकली होती, निम्मी बासरी आणि निम्मी खरखर. "उरलेली निम्मी मला ऐकायची आहे," असे तो वर्षानुवर्षे म्हणत राहिला. निवृत्त झाल्यावर त्याने ते मनावर घेतले आणि माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच दोन स्पीकर मागवले.

हमालांनी ते जिन्यावरून वर आणले तेव्हा अर्धी इमारत दारात उभी होती. एका हमालाने घाम पुसत विचारले, "काका, आत कोणी बसलंय का?" समोरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, दोन दोन कपाटं घेतलीत?"

"कपाटं नाहीत, गाणं आहे," भाऊ म्हणाला.

"एवढं जड गाणं?"

सगळे हसले. भाऊही हसला. त्याला इतके मोकळे हसताना मी फार वर्षांनी पाहिले, हेही येथे लिहिले पाहिजे.

स्पीकरसाठी त्याने मुलीची खोली घेतली. तिचे लग्न झाले तरी ती खोली तशीच होती: खाट, कापसाची जाड गादी, पडदे, कपड्यांचे कपाट. भावाने खाट खोलून तिचे भाग गच्चीवरच्या अडगळीत ठेवले. कपाट, गादी आणि पडदे स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात गेले. मग बोळातून जायचे तर भावजयीला अंग चोरून जावे लागे.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. सासरी तिच्याशी कोणी बोलत नव्हते. नोकरी सोडायला तिने नकार दिला, म्हणून नवऱ्याने अबोला धरला; त्याचे पाहून सासूने धरला. तिच्यापुढे ताट येई, शब्द येत नसे. ती घरात शिरली की चाललेले बोलणे थांबे. हे अनेक महिने चालले होते, आणि तिने आम्हाला त्या दिवशी प्रथम सांगितले. "आई, मी येते आहे. राहायलाच येते आहे. माझी खोली आहे ना?"

भावजयीने फोनवर हात ठेवून भावाला विचारले. तो जमिनीवर बसून वायरी सोडवत होता.

"येऊ दे की! विचारायचं काय त्यात? घर तिचंच आहे," तो म्हणाला. तो मनापासून म्हणाला. मी तेथे होते.

दुसऱ्या दिवशी स्पीकर जोडून देणारा माणूस आला. त्याने खोलीच्या मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली.

"खोली रिकामी आहे, आवाज घुमणार," तो म्हणाला. "मऊ सामान काही नव्हतं का इथे?"

"मुलीची गादी होती."

"मग काढलीत कशाला? आणा ती."

गादी बोळातून परत आली. त्यांनी ती मागच्या भिंतीला उभी लावली आणि खिळे ठोकून पट्ट्यांनी आवळली. मग टेप लावून मापे घेतली. त्रिकोणाच्या दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला एक खुर्ची. खुर्चीच्या पायांभोवती त्याने जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

"इथून वीतभरही हलायचं नाही. आवाज इथेच जुळतो."

"आणि दुसऱ्याला ऐकायचं असलं तर?" भावजयीने विचारले.

"त्यांनी मग नंतर बसायचं, काकू."

मुलगी त्याच दुपारी आली. हातात एक बॅग होती आणि खांद्यावर एक. आईने तिला जवळ घेतले. तेवढ्यात भाऊ आतून आला, त्याने तिच्या हातातली बॅग घेऊन बाजूला ठेवली आणि तिला दंडाला धरून खोलीत नेले.

"आधी बस. मी अजून कोणालाच बसवलेलं नाही. पहिला मान तुझा."

ती खुर्चीत बसली. मी आणि भावजय दारात उभ्या राहिलो. मुलीची नजर मागच्या भिंतीकडे वळली. तिने गादी ओळखली. भावाने तिचे डोके दोन्ही हातांनी धरून सरळ केले. "समोर बघ. मान हलवू नकोस."

बासरी सुरू झाली. ती फार सुरेल होती, हे मान्य केलेच पाहिजे. भाऊ खुर्चीमागे डोळे मिटून उभा होता.

"बाबा, मी आता परत जाणार नाही," मुलगी म्हणाली.

त्याने एक बोट वर केले. "हा भाग ऐक."

"तिकडे माझ्याशी कोणी बोलत नाही, बाबा."

"हो गं, सांग ना नंतर. एवढं होऊ दे."

तेवढे झाले. त्याने डोळे उघडले. "डावीकडून आली की नाही? तो वादक डावीकडे बसल्यासारखा वाटला की नाही?"

"वाटला." मग तिने विचारले, "मी कुठे झोपू?"

"हॉलमध्ये टाकू की अंथरूण. ही गादी आता काढली तर सगळी मापं जातील, पोरी. भिंतीला लावायचे, आवाज शोषणारे तक्ते मागवलेत. ते आले की गादी तुझी."

"आणि खोली?"

भावाने स्पीकरकडे पाहिले. "आता हे कुठे हलवणार? तूच सांग."

भावजय म्हणाली, "अहो, पोर राहायला आली आहे." तो चिडला नाही. "मी कुठे नको म्हणतोय?" एवढेच म्हणाला आणि कुठेतरी सैल राहिलेली वायर चाचपू लागला.

मी मुलीला खाली माझ्याकडे आणले. चहा दिला. माझ्याकडे जागा आहे, पाहिजे तितके राहा, असे सांगितले.

"नको आत्या," ती म्हणाली. "तुझ्याकडे राहिले तर बाबांना वाटेल, सगळं नीट झालं."

ती संध्याकाळी सासरी परत गेली. आईच्या फोनवर तिने "पोहोचले" एवढेच कळवले. त्यानंतर ती राहायला येण्याचे बोललेली नाही. आता ती फोनवर आमच्याशीही फार बोलत नाही. तिच्या आईला ही गोष्ट समजते. तिच्या वडिलांना ती फोनच्या पैशांची काटकसर वाटते.

चार दिवसांनी भाऊ खाली आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, पोरगी काही न बोलताच गेली."

"बोलली होती," मी म्हणाले.

"कधी?"

त्याने हे प्रामाणिकपणे विचारले. म्हणून मीही प्रामाणिकपणे, तिचे शब्द जसेच्या तसे, माझ्या मोठ्या आवाजात सांगितले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले. मला वाटले, आता तो फोन मागेल. तो उठला, दार सावकाश ओढून घेऊन वर गेला.

थोड्या वेळाने वरून बासरी ऐकू येऊ लागली. आवाज मात्र त्याने कमी ठेवला होता.