भिंतीवरचा मलिदा

“यात ज्यू काय आहे? पोहेच तर आहेत,” सर कोणाला तरी सांगत होते. मी प्रदर्शनाच्या पॅनेलमागे कापडाला टाचण्या लावत होते, त्यांना दिसत नव्हते. “पोह्यांवर ठरवायचं तर उद्या अख्खं पुणं ज्यू निघेल.”

सगळे हसले. वर्गातला एकजण सायबर कॅफेतून प्रिंट काढून घेऊन आला होता. कुठल्या तरी बर्फाळ शहरातले, काळ्या हॅटमधले दाढीवाले पुरुष.

पोह्यांचा फोटो माझा होता. रास्ता पेठेतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, काकू भिजवलेल्या पोह्यांत नारळ आणि साखर कालवतायत. मलिदा. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, लांबच्या प्रवासाला निघताना त्यांच्यात तो होतोच. त्यांच्या नात्यातलं एकेक घर इस्राएलला गेलं, तेव्हा दर वेळी तो काकूंनीच केला. मागे राहिल्या त्या एकट्या.

पुण्यातल्या वेगवेगळ्या समाजांवरच्या कॉलेजच्या या प्रदर्शनासाठी मी वर्षभर त्यांच्याकडे जात होते. मी फारसं बोलत नसे. “इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड करायचे ना गं? अजून घाबरतेस वाटतं,” असं म्हणून त्या चहा ओतायच्या. फोटोला मात्र एका अटीवर तयार झाल्या. “काढ, पण भिंतीवर लाव. पेटीत ठेवायला माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

आज त्या तो बघायला येणार होत्या. हिंजवडीच्या एका कंपनीचे परदेशी पाहुणेही येणार होते. त्यांच्यासाठी निवेदन इंग्रजीतून, म्हणून ते माझ्याकडे.

“अगं, इथेच आहेस होय! तो उतरव आणि हा लाव,” सर प्रिंट पुढे करत म्हणाले. “बघताक्षणी ज्यू वाटलं पाहिजे.”

मी पॅनेलमागून बाहेर येऊन फोटोसमोर उभी राहिले. तिथून हलले नाही.

“यार, एक फोटो तर आहे,” प्रिंटवाला म्हणाला. “चिल ना.”

तेवढ्यात काकू आत आल्या. हिरवी साडी, केसांत अबोली. दारापाशीच थांबून त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या भिंतीपासून एकेक फोटो बघायला लागल्या.

सरांनी आवाज खाली आणला. “चल, लवकर. त्यांना कळायच्या आत, हळूच काढ.”

हळूच. आजवर मी सगळं हळूच करत आले होते. माझाच आवाज मला अनोळखी वाटला, इतका तो हॉलभर गेला.

“हळूच नाही, सर. काढायचाच असेल तर त्यांच्या देखत तुम्ही काढा. मी काढणार नाही.”