थंडीची सवय

धायरीला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर राहतात. त्यांच्या फ्रिजमध्ये भाजी नसते, कुंडीत लावलेली कोबीची रोपं असतात. रोज सकाळी ते फ्रिजचं बटण किंचित पुढे फिरवतात.

"एकदम गारठवलं तर पेशीच्या आतच बर्फ होतो आणि पेशी फाटते," ते मला म्हणाले. "हळूहळू थंडी दिली, तर रोप पेशीतलं पाणी बाहेर सोडतं आणि आत साखर साठवतं. मग बर्फ बाहेर होतो, रोप जगतं. शाळेत काय केलंत आपण?"

भर डिसेंबरात सर नुसत्या बनियनवर असतात आणि पाकासारखा गोड चहा पितात. काल माझ्याकडे साखर मागायला आले. डबा देताना त्यांची बोटं लागली, तर मी दचकून हात मागे घेतला, इतकी ती गार होती.

"सर, काकू हल्ली फार वाळल्यात. त्यांना तरी स्वेटर द्या."

"कशाला? सवय होत आलीय तिला."

तेवढ्यात शेजारून काकूंची हाक आली. एरवी दूधवाल्यावरही खेकसणाऱ्या काकूंचा आवाज विलक्षण गोड झाला होता.

"अहो, आज खिडकी किती उघडू?"