पाण्यात चालणारा बंब

हिलाल नानांनी तीस वर्षं आमच्या गावचा बंब चालवला. कडब्याच्या गंज्या, लग्नाचा एक मांडव, पोलीस चौकीमागचा भंगाराचा ढीग, सगळं त्यांनी विझवलं. पण आमचं गाव असं द्वाड की आठवण काढायची ती न विझवलेल्या आगीची. गावाचं नाव सांगत नाही. अमळनेर-धुळे रस्त्यावर आहे एवढं पुरे, उगाच नगरपालिकेची नोटीस घरी यायची.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो आश्विन. नदीपलीकडे नथ्थू शेठची जिनिंग, शेडमध्ये नवा कापूस. भर दुपारी ठिणगी पडली. बंबवाले आगीच्या निरोपाला वर्दी म्हणतात. नानांना वर्दी मिळाली आणि तिसऱ्या मिनिटाला बंब रस्त्यावर होता. गावात कडक ऊन, पण वरच्या अंगाला पाऊस झालेला, त्यामुळे फरशी पूल पाण्याखाली. अलीकडे नाना भोंगा वाजवताहेत, पलीकडे शेठ अंगातला सदरा काढून हलवताहेत, असं दीड तास चाललं. पाणी उतरेपर्यंत राख झाली होती. माणूस कुणी दगावलं नाही आणि विम्यामुळे शेठही सावरले.

बंबाची एक पद्धत असते. वर्दीच्या वहीत निरोप कधी आला, बंब कधी निघाला, कधी पोहोचला हे लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात जागेच्या मालकाची सही घ्यायची. त्या संध्याकाळी नाना वही घेऊन शेठकडे गेले. दोघं एका बाकावर शिकलेले. शेठ म्हणाले, "पोहचनाच नही, तर सही कसानी करू?" पोहोचल्याची वेळ आणि सही, दोन्ही रकाने कोरे राहिले. निवृत्तीच्या दिवशी नानांनी वही जमा केली, पण आधी त्या पानाची झेरॉक्स काढून घरी नेली.

शेठ तसा वाईट माणूस नाही. त्यांचा राग दोन महिन्यांत गेला, चेष्टा मात्र एकोणीस वर्षं टिकली. नाना टपरीवर चहाला आले की शेठची हाळी ठरलेली, "हिलाल, बंब निघना का? राख थंडी व्हयनी!" सगळे हसायचे. मीही हसायचो. नानासुद्धा हसायचे, पण अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे. हे मला फार उशिरा दिसलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मी योगराज. बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी यास्मिनचं फॉल-पिकोचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं मोबाइलवर रणगाड्यांचा खेळ खेळतो. सुईत पहिल्या झटक्याला दोरा ओवणारी बाई आहे ती, तिचा नेम काय विचारता!

एका दुपारी नाना फोनची काच बदलायला आले. माझ्या फोनवर तेव्हा एक गाडी नदीत उतरत होती. आठ चाकं, मागे दोन पंखे, वर लांब नळी. पाण्याच्या तोंडाशी तिनं पुढची फळी उभी केली आणि म्हशीसारखं डोकं वर ठेवून ती पलीकडे निघाली.

नाना काउंटरवरून पार वाकले. "हाई काय शे रे?"

मी नाव वाचलं, "व्हील्ड अ‍ॅम्फिबियस फायर सपोर्ट व्हेईकल."

"म्हंजे?"

"चाकांची, पाण्यात चालणारी, फायरच्या मदतीची गाडी."

यात एक शब्द खोटा असेल तर सांगा. इथला फायर म्हणजे आग नव्हे, तोफेचा मारा, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं. पलीकडे यास्मिन पिकोच्या मशीनवर वाकून खुदुखुदु हसत होती.

नाना स्टुलावर बसले. "नदीमाईन बंब जास?" असं त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू होता की मी हसणं आवरलं.

त्याच दुपारी मी नानांच्या फोनवर तो खेळ टाकून दिला. पुढचे सहा महिने आमच्या गावात जी करमणूक झाली ती कुठल्याच यात्रेत झाली नसेल. नाना ती एकच गाडी घ्यायचे आणि एकदाही तोफ डागायचे नाहीत. आपल्यातल्या कुणाचा रणगाडा पेटला की नाना तिकडे सुटलेच. गाडीचा पत्रा पातळ, वाटेतच तिचा चिवडा व्हायचा. नाना घरी खेळत असले की त्यांची बायको, धुरपदाबाई, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज किती डाव मरनात? आते जेवी ल्या."

गंमत म्हणजे कधीकधी आम्ही त्यांच्यामुळे जिंकायचो. नाना माइकवर ओरडायचे, "बंब ई राह्यना! बंब ई राह्यना!" बंब येतोय, एवढंच त्यांचं म्हणणं. पण समोर कुणी कानपूरचे, कुणी इंदूरचे. त्यांच्या कानावर 'बम' पडायचा. अख्खी पलटण वाट फुटेल तिकडे पळायची, आणि यास्मिन एकेकाला निवांत टिपायची.

नथ्थू शेठ हे बघायला आले ते चेष्टा करायला. आठ दिवसांत स्वतःच खेळायला लागले. रणगाडा घेतला सगळ्यात जाड. शेठ माणूस, हलकं घेणार कसं! आता हाळी दुकानात येऊ लागली, "मी पेटनू रे हिलाल, पन तू आरामशीर ये!"

उन्हाळ्यात धुळ्याला देवपुरातल्या एका हॉलमध्ये या खेळाची स्पर्धा लागली. चौघांचा संघ, पहिलं बक्षीस कूलर. यास्मिन कप्तान, मी, शेठ, आणि चौथं कुणी मिळेना म्हणून नाना. यास्मिननं मला बजावलं, "नानांना तोफेचं खरं सांगा. चेष्टा झाली तेवढी पुरे. मला कूलर पाहिजे."

एसटीत मी नानांशेजारी बसलो. शेठ पुढच्या सीटवर घोरत होते. "नाना, एक सांगायचं होतं. ती गाडी आगीची नाही. ती तोफ आहे. मी तुम्हाला..."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"पैल्या दिनपासून. तीस बरस बंब चालाडा मी. पानीनी नळी कोनती न् तोफ कोनती, माले समजाव नही का?" नाना खिडकीबाहेर बघत होते. "सगळा आग लावाले बसेल शेतस. एक तरी इझाडाले जानारा पाह्यजे ना, योगराज. आनि हाई एकच गाडी पूर वलांडस."

मी सहा महिने त्यांना बनवत होतो म्हणजे नेमकं कोण कुणाला बनवत होतं, याचा हिशेब मला धुळ्यापर्यंत लागला नाही. उतरताना ते एवढंच म्हणाले, "नथ्थूले सांगू नको."

दोन डाव आम्ही कसेबसे जिंकलो आणि शेवटचा डाव आला जळगावच्या चौघांशी. मैदानाच्या मधोमध नदी, नदीवर एकच पूल, पलीकडे त्यांच्या ठाण्याचं वर्तुळ. त्या वर्तुळात तीस सेकंद उभं राहिलं की डाव जिंकला. वेळ संपली तर ज्यांनी जास्त नुकसान केलं ते जिंकणार.

शेठ ऐकतात होय! डाव सुरू होताच पूल ओलांडून थेट वर्तुळात घुसले. मागोमाग पूल कोसळला आणि जळगावच्या गोळ्यांनी शेठचा रणगाडा तिथेच भडभडा पेटला. मग मी गेलो. यास्मिननं त्यांचे तिघे टिपले आणि तीही गेली. उरला त्यांचा एक गडी. तो आधीच अलीकडे आला होता, आता पूल नसल्यानं परतायची सोय नव्हती. आणि उरले नाना. घड्याळात दोन मिनिटं, आणि नुकसानीच्या हिशेबात जळगाव पुढे.

नाना नदीच्या काठाशी उभे. समोर पूर, पलीकडे नथ्थू शेठचं पेटलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"वर्दी शे," ते स्वतःशीच म्हणाले. फळी उभी केली आणि गाडी पाण्यात घातली.

पाण्यात ती गाडी काय हळू चालते! जळगाववाल्यानं काठावरून दोन गोळे टाकले. एक पाण्यात गेला, दुसऱ्यानं मागचं चाक उडवलं. पाण्यात चाकाचं काम काय? नाना चालतच राहिले.

आणि तेवढ्यात शेठ खुर्चीवरून उठले. त्यांचा डाव कधीच संपला होता. पण त्यांनी गळ्यातला रुमाल काढला आणि भर हॉलमध्ये डोक्यावर गरगर फिरवत इकडे ये म्हणून ओरडायला लागले, "हिलाल! आठे! आठे ये रे भो!"

आपण काय करतोय हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. मला मात्र एकोणीस वर्षांपूर्वीचा सदरा दिसला.

"दम धर नथ्थू, ई राह्यनू," नाना म्हणाले.

गाडी वर चढली. सात चाकांवर लंगडत वर्तुळात शिरली आणि शेठच्या जळत्या सांगाड्याच्या आडोशाला चिकटून उभी राहिली. बत्तीस सेकंद उरले होते. जळगाववाला गोळ्यावर गोळे टाकत राहिला, ते सगळे शेठच्या सांगाड्यानं खाल्ले. नानांनी तोफेच्या बटणाला बोटसुद्धा लावलं नाही. वर्तुळ भरलं. आम्ही जिंकलो.

यास्मिन किंचाळत कूलरकडे धावली. नाना जागचे हलले नाहीत. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला. टेबलावर पसरला आणि शेजारी पेन ठेवलं.

शेठनी चष्मा लावला. पान वाचलं. निरोप मिळाल्याची वेळ, निघाल्याची वेळ, आणि त्यापुढे दोन कोरे रकाने. माझी खात्री होती की आता काहीतरी खवचट बोलणार.

त्यांनी घड्याळात पाहिलं. 'पोहोचल्याची वेळ' या रकान्यात आजची तारीख आणि चार वाजून बारा मिनिटं लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, 'आग इझनी नही. पन बंब उना.' बंब आला, असं लिहून त्यांनी सही केली, जिनिंगच्या चेकवर करायचे तशी, पूर्ण नावानिशी.

कागदाची घडी त्यांनी स्वतःच्या हातानं घातली आणि नानांच्या खिशात ठेवली.

"चाल, चहा पेवूत," शेठ म्हणाले. "आनि आज पुरा पेजो. एकोनीस बरस व्हयनात, अर्धा कप सोडी ऊठस. माले काय दिसत नही का?"

हॉलबाहेरच्या टपरीवर नानांनी चहा घेतला. संपल्यावर कप उलटा करून शेठना दाखवला.